आरशात शिकलेली गिटार

ती. ताई,

कात्री खाली ठेवून, हात स्वच्छ धुऊन आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल टाकून (म्हणजे ते मधेमधे बोलणार नाहीत) तुम्हाला नमस्कार करतो. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. ठीक कशाला म्हणायचं ते ठरवायचा अधिकार तुमचा, पण जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. तुमचा गुडघा कसा आहे? मागे म्हणाला होतात की तो कुरकुरतो, पण तुम्ही त्याला दाद देत नाही. ऐकून बरं वाटलं. ज्यांच्यापुढे कुरकुर करायची अख्ख्या शाळेत एकाही मास्तराची छाती झाली नाही, त्यांच्यापुढे एका गुडघ्याची काय टाप! भाची कशी आहे? भेटेल त्याला खांदे मागे आणि मान ताठ करायला लावण्याची तिची सवय गेली का अजून आहे? मागच्या खेपेला तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं होतं, तेव्हापासून मी तिच्यासमोर शक्यतो बसूनच असतो. तिला माझे आशीर्वाद सांगा.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो. ताई, फोनवर तुमच्याशी बोलायला लागलो की माझ्या वाट्याला ‘हो ताई’ एवढंच बोलणं येतं. मी मोठा श्वास घेऊन काहीतरी सांगायला जातो, तेवढ्यात तुमचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की आपण पुन्हा एकदा कशाला तरी कबूल झालो. परवाही तसंच झालं. महिनाअखेरीला तुम्ही गाडी घेऊन येणार आणि हिला, तुमच्या धाकटीला, कायमची तुमच्याकडे घेऊन जाणार, असं तुम्ही कळवलंत (विचारलं नाहीत, कळवलंत), आणि मी ‘हो ताई’ म्हणालो. तर ते ‘हो’ मी या पत्राने मागे घेत आहे. पत्रात मला मधे कुणी तोडत नाही. शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही लाल पेनाने दुरुस्त कराल, ते चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे खालच्या मजल्यावर मोकळी खोली आहे, पुढे ऊन येणारं अंगण आहे, घरात हॉस्पिटलातल्या पेशंटांकडून व्यायाम करून घेणारी पोरगी आहे. माझ्याकडे खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधे तो जिना, ज्याची प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची आहे. सकाळी हिला खाली आणताना आणि संध्याकाळी वर नेताना आमची वरात निघते ती बघायला समोरचे फोटोग्राफर दाराशी येऊन उभे राहतात. दिवसभर ही दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीत बसते, तिच्याच खुर्चीत. तुम्हाला ठाऊकच आहे, मोठ्यांचे केस मी कापायचो आणि पोरांचे केस ही कापायची. आता ती खुर्ची मी कुणाला देत नाही. गर्दी असली की गिऱ्हाइकं आधी रिकाम्या खुर्चीसारखं तिच्याकडे बघतात आणि मग ओशाळून पेपर उचलतात.

आजाराचं तुम्हाला नव्याने काय सांगू. उजवा हात आणि उजवा पाय थोडाथोडा परत येतोय, हातात कप धरते, कधी सांडते कधी नाही. बोलणं मात्र गेलं ते गेलं. सगळे शब्द गेले आणि नेमका एकच उरला, तो म्हणजे ‘उद्या’. चहा हवा का? उद्या. पाय दुखतोय का? उद्या. कोण आलंय बघ, उद्या. डोळ्यांवरून, हातावरून आणि ‘उद्या’ किती जोरात म्हटलं यावरून मला साधारण अंदाज येतो, पण अंदाजच. एकदा ती घसा फोडून ‘उद्या, उद्या’ म्हणत होती आणि मी खिडकी उघडली, पंखा लावला, पाणी दिलं, औषधं पुढे धरली. शेवटी समजलं की गॅसवर दूध उतू जात होतं. त्या दिवशी ती रडली. मीही रडलो, पण मी दूध पुसायच्या निमित्ताने ओट्याकडे तोंड करून रडलो.

आता हे तुम्ही कुणाला सांगू नका, पण मला यातलं सगळ्यात जास्त काय खुपतं ते सांगतो. मला ‘अहो’ ऐकायचं आहे. लग्न झाल्यापासून या बाईने मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही, आणि त्या एका ‘अहो’त तिचं सगळं भागायचं. आखूड ‘अहो’ म्हणजे टॉवेल संपले. लांबट ‘अहोऽ’ म्हणजे गिऱ्हाईक वाट बघतंय, गप्पा पुरे. दोनदा ‘अहो, अहो’ म्हणजे मी कुणाच्या तरी कानाच्या फार जवळ आलोय. आणि रात्री दिवा मालवल्यावर एक बारीक ‘अहो’ असायचं, त्याला काहीच अर्थ नसायचा, मी आहे ना एवढीच खात्री करून घ्यायची असायची. मी ‘हूं’ म्हणायचो आणि ती झोपायची. गेले कित्येक महिने मी कुणालाही ‘हूं’ म्हटलेलं नाही, ताई. दिवसभर दुकानात माणसं असतात, सगळी मला ‘मास्टर’ म्हणतात, पण तो वेगळा माणूस.

तर गिटार. बोलणं शिकवायला ज्या बाई येतात (त्यांना आम्ही शब्दबाई म्हणतो, त्यांना कळलेलं आहे आणि त्यांची हरकत नाही) त्यांनी एकदा सांगितलं की बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधीकधी शाबूत राहतं. लहानपणापासून तोंडात बसलेलं एखादं गाणं लावा, सोबत गा, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा, तो शब्द त्यांना म्हणू द्या. आणि गाणं हळू हवं, त्यांच्या चालीने हवं, रेडिओवरचं पळतं गाणं नको. आता माझा गळा तुम्हाला माहीत आहे. आमच्या लग्नात मी हौसेने गायला उभा राहिलो होतो आणि तुम्ही चहा सांगितलात. तेव्हा गळ्याला टेकू म्हणून काहीतरी वाद्य हवं असं ठरलं. फोटोग्राफरांच्या स्टुडिओत एक गिटार होती, जोडप्यांचे फोटो काढताना नवरदेवाच्या हातात द्यायची. गावातल्या निम्म्या पुरुषांनी ती धरलेली आहे आणि एकानेही वाजवलेली नाही. फोटोग्राफरांनी ती मला आणून दिली, वर म्हणाले, ‘मास्टर, हिच्यासोबत सगळेच चांगले दिसतात, तुम्हीही दिसाल.’ तारांना गंज होता, तो मी वस्तऱ्याच्या तेलाने काढला. (तसं करायचं नसतं हे मागाहून कळलं.)

शिकवणारे सर मोबाईलमध्ये. ऑनलाइन क्लास. माझ्या सगळ्यात धाकट्या गिऱ्हाइकाच्या वयाचा मुलगा, पण गुरू म्हटल्यावर सरच म्हणायचं. घरात बसून शिकवतात तरी डोक्याला लोकरीची टोपी, आणि दाढी डावीकडून ज्या कुणी कापली आहे त्याचा हात मला एकदा बघायचा आहे. पहिले काही धडे माझं सगळं लक्ष त्या दाढीवरच होतं. सर म्हणायचे, ‘नमस्कार मित्रांनो, सोप्पं आहे ना?’ आणि मी दुकानात उभा राहून मान हलवायचो. सोपं नाही असं सांगायची सोय त्या क्लासात नाही. नेमकी बोटं कुठे ठेवायची ते दाखवताना जाहिरात यायची, टकलावर आठवड्यात केस उगवणाऱ्या तेलाची. या धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ती जाहिरात बघणं किती क्लेशाचं आहे ते तुम्हाला कळणार नाही. आणि सूर जुळवायचं एक ॲप सरांनी घ्यायला सांगितलं, ते मी केस वाळवायचं मशीन चालू असताना लावलं. मी तार पिळतोय, पिळतोय, ॲप म्हणतं बरोबर, अगदी बरोबर, शाब्बास. मशीन बंद केलं तर कळलं की शाबासकी मशीनला होती. तेवढ्यात तार तुटली आणि खुर्चीतल्या विमा एजंटच्या टकलावर सपकन बसली. ते आता समोरच्या गल्लीत जातात.

बोटांचं विचारू नका. तारांनी बोटांची टोकं अशी सोलवटली की कंगव्यातून केस आले का हवा आली हे समजेना. चिकटपट्टी गुंडाळून दाढ्या केल्या. एकाच्या गालाला पट्टी चिकटून राहिली, ते तसेच बँकेत गेले. पण खरी गंमत पुढेच आहे. सर जे वाजवायचे ते गोड वाजायचं आणि त्यांचं बघून मी तसंच्या तसं वाजवलं की बादली घरंगळल्यासारखा आवाज यायचा. बोटं तीच, जागा त्याच. मी मोबाईल आरशापुढच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून ठेवायचो. मोबाईलमध्ये सर, शेजारी आरशात मी, आणि दोघं हुबेहूब! त्यांच्या गिटारची मान ज्या बाजूला, माझ्याही गिटारची मान त्याच बाजूला. आता आमच्या धंद्याची रीत अशी की माणूस समोर दिसला तरी तो आरशातला आहे असंच डोळे धरून चालतात. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि काचेतल्या चेहऱ्याकडे बघून कात्री चालवायची. काचेत उजवीकडे दिसतं ते उजवं. आयुष्यभर समोरचा माणूस असाच बघितला. तेव्हा मोबाईलच्या काचेतले सर मला वेगळे वाटायचं कारणच नव्हतं. मी ठरवलं की गिटारच खराब आहे. मग ठरवलं की माझे कान खराब आहेत. शेवटी वय झालं म्हणून कपाळाला हात लावला, तरी रोज वाजवतच राहिलो. गिऱ्हाइकं फार भली आहेत. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ (त्यांना आम्ही पोस्टमास्तर म्हणतो, ते नव्हते, पण त्यांना आवडतं) एकदा म्हणाले, ‘चांगलं चाललंय, फक्त कधी संपतं ते कळत नाही.’

आणि मग एके सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं, मी सरांसमोर बसून तारा कुटतोय आणि ही आपल्या खुर्चीतून माझ्याकडे बघतेय. आधी तिने डावा हात हलवला. मी म्हटलं, माशी असेल. मग म्हणाली, उद्या. मी म्हटलं, हो. मग तिने खुर्चीच्या हाताला धरून स्वतःचं स्वतः उठायला सुरुवात केली, आणि ती एकटी कधी उठत नाही. मी उठणार तोवर ती फळीला धरत धरत माझ्यापर्यंत पोचली होती. ‘उद्या! उद्या! उद्या!’ असं मला चांगलं फैलावर घेतलं, तुमच्याच आवाजात, ताई, अगदी वर्गात उभं केल्यासारखं. आणि मग डाव्या हाताने ती गिटार माझ्या मांडीवरून ओढली आणि फिरवून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली, मान इकडची तिकडे. हट्टी पोराचं डोकं दोन बोटांनी वळवायची ना, तसं. मी इतके आठवडे उलटी गिटार शिकत होतो. डाव्या हाताचं काम उजव्याने आणि उजव्याचं डाव्याने, आणि तारा वरच्या खाली. मी आरशातून बघत होतो, ती मला सरळ बघत होती, म्हणून तिला दिसलं. आणि ती हसली, ताई. तोंड एका बाजूने थोडं कमी हसतं आता, पण हसली. मी त्या वेळी हसलो का रडलो ते आठवत नाही. दार बंद करून घेतलं हे आठवतं.

पुन्हा पहिल्यापासून शिकलो. आता ही माझी परीक्षक. चुकलं की डाव्या हाताने खुर्चीवर टक् करते. दोन सूरमेळ बसले (सर त्यांना सी आणि जी म्हणतात, आमच्या दुकानात त्यांना पुढचा आणि मागचा म्हणतात), आणि एका गाण्याला दोन पुरतात असं सरांनी आधीच सांगितलं होतं. गाणं कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. पोरांचे केस कापताना ही एकच गाणं गायची, तुम्ही दोन वेण्या घालायच्या वयात रचलेलं आणि हिला शिकवलेलं. तुम्ही मुख्याध्यापिका झाल्यावर त्या गाण्याची जबाबदारी झटकलीत हे मला ठाऊक आहे, पण आमच्या दुकानात तुमची कीर्ती त्याच गाण्यावर उभी आहे:

शेजारणीची शेळी गेली शाळेला,
पाटी खाल्ली, खडू खाल्ला, हजेरी लावली वेळेला!

एवढ्यात एक कान मोकळा व्हायचा. पुन्हा एकदा गायलं की दुसरा. कितीही आकांत करणारं पोर ‘खडू खाल्ला’ला गप्प व्हायचं आणि नेमक्या त्या क्षणी हिची कात्री चालायची. तर मी पुढचा-मागचा वाजवत, रेड्याच्या आवाजात का होईना, गायला लागलो आणि शब्दबाईंनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या शब्दाआधी थांबायचो. ‘हजेरी लावली...’ आणि तिच्याकडे बघायचो. ती माझ्याकडे बघायची. असे पुष्कळ दिवस आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग एकदा मी थांबलो आणि ती म्हणाली, ‘वेळेला.’ माझी बोटं तारांवर तशीच राहिली. पुन्हा वाजवलं, पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी ‘खडू खाल्ला’पासून पुढचं सगळं. आठवडाभरात पूर्ण शेळी तिने स्वतः शाळेत नेऊन सोडली, शेजारणीसकट, स्वच्छ उच्चारांनी. मी आनंदाने धावत जाऊन फोटोग्राफरांकडून खडू आणला, तिच्यासमोर धरला आणि विचारलं, हे काय? ती बराच वेळ त्या खडूकडे बघत राहिली. ओठ हलवले. मग म्हणाली, ‘उद्या.’ गाणं थांबलं की शब्द थांबतात, ताई. ते सगळे तिथे आहेत, पण गाण्याच्या बाहेर येत नाहीत. खडू मी खिशात घातला आणि तिला म्हटलं, चालेल, उद्या.

पण थांबा, अजून मुख्य गोष्ट सांगायची आहे. गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात फक्त पोस्टमास्तर होते, गालाला फेस लावून बसलेले. मी गिटार घेतली. ही गायला लागली आणि पोस्टमास्तरही गायला लागले, त्यांच्या नातवंडांचे केस इथेच कापलेले, त्यांना पाठ आहे. तिघांनी शेळी शाळेत घातली. गाणं संपलं, तारांचा आवाज विरला, मी गिटार खाली ठेवत होतो, आणि तेव्हा, गाणं संपल्यावर, काही वाजत नसताना, हिने एक शब्द उच्चारला. ‘उद्या’ नाही. दुसरा. मोठ्याने, हाक मारल्यासारखा. पोस्टमास्तर साक्षीला आहेत. आता बायकोच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल हे तुमच्यासारख्या जाणत्या बाईंना मी सांगायला नको. मी दोन दिवस हवेत होतो असं समजा.

तेव्हा आता तुम्हीच सांगा, अशा वेळी हिला इथून हलवणं बरोबर आहे का? औषध लागू पडतंय. दुकान आहे, आरसे आहेत, गिटार आहे, पोस्टमास्तर आहेत. जिन्याला मी कठडा बसवून घेतो. तेव्हा महिनाअखेरीला गाडी आणू नका. नुसत्या चहाला या, पाहुण्यासारख्या, आणि संध्याकाळी परत जा. रागावू नका. टॉवेल गार झाला, त्याखालचे गृहस्थ हातवारे करायला लागलेत, म्हणून आटोपतो.

तुमच्या धाकटीचा नवरा,
धंद्याने केशकर्तनकार, हट्टाने गिटारवादक

ता. क. शेळीचं पुढे काय झालं? ही नेहमी दोनच ओळी गायची, तोवर पोराचे केस कापून व्हायचे, म्हणून मी कधी विचारलं नाही. पुढचं कडवं असेल तर कळवा. नसेल तर रचा, निवृत्त झालात, आता तुम्हाला वेळ आहे.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वर जे मी ‘तुम्हाला सांगायला नको’ म्हणून लिहिलंय ते नीट सांगतो, कारण तुम्ही ते सरळ वाचाल आणि तुमचा गैरसमज होईल, आणि तो व्हावा म्हणूनच मी तसं लिहिलं होतं. हिने हाक मारली ती ‘ताई’ अशी. माझ्याकडे बघून नाही, दाराकडे बघून. एकदा म्हणाली, मग थोडं थांबून पुन्हा म्हणाली, ‘ताई.’ कुणी आलं नाही तेव्हा माझ्याकडे वळली, जणू मी बोलावून आणेन. पोस्टमास्तर माझ्याकडे बघेनात, फेस पुसून झाला तरी तोंड पुसत बसले. गाणं तुमचं, शिकवलंत तुम्ही, तेव्हा ते संपल्यावर त्या माणसाची आठवण होणार हे मला आधी सुचायला हवं होतं. मी ‘अहो’साठी वाजवत होतो. तेव्हापासून ती रोज म्हणते, गिटार न वाजवताही. इतक्या महिन्यांनी तिला एक माणूस हाक मारून हवाय, आणि तिला मी इथे अडवून धरायचं, हे मला जमणार नाही. गाडी घेऊन या. महिनाअखेरीपर्यंत थांबू नका, येता येईल तेव्हा या. हिचे कपडे मी भरून ठेवतो.

शेवटचं. तुमच्याकडे सगळं आहे, मी सांगावं असं काही नाही. फक्त हिचे केस तिथे कुणाला कापू देऊ नका. भाचीला सांगा, हॉस्पिटलात एखादी बाई येऊन कापून देते म्हणाली तरी नको. कपाळावर आले तर पिन लावा, मानेवर आले तर वर बांधा, पण वाढू द्या. दुकानाला सोमवारी सुट्टी असते. सकाळच्या बसने येईन, कात्री माझी मी आणेन, केस कापेन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन. दर सोमवारी आलो तर तेवढे वाढलेले नसतील, हे मला माहीत आहे. तरी येऊ द्या.